तीस रुपयांचा कान

आमच्या अमरावतीच्या राजापेठेत कोणाचं पोरगं संध्याकाळी सापडलं नाही, तर त्याची आई आधी माझ्या दुकानात डोकवायची आणि मगच रडायला सुरुवात करायची. बहुतेक वेळा रडायची गरज पडायची नाही. पोरगं माझ्याकडेच असायचं, टीव्हीसमोर, तोंड उघडं टाकून. आई दारातूनच त्याच्या नावानं शंख करायची, तो "आलो ना माय" म्हणायचा आणि जागचा हलायचा नाही. मग आई आत येऊन माझ्याशेजारी स्टुलावर टेकायची, पदरानं वारा घ्यायची आणि मी तिला माठातलं पाणी द्यायचे. "तुमी हाये म्हनून पाठवतो बाप्पा मावशी, नाईतर असल्या जागी लेकराले कोन पाठवते?" हे वाक्य मी किती बायांच्या तोंडून ऐकलं असेल त्याला गणती नाही.

असली जागा म्हणजे व्हिडिओ गेमचं दुकान. एका बोळात, बाहेरून दिसायला पिठाच्या गिरणीसारखं, आणि आत आवाजही जवळपास तसाच. तिथं मी जवळजवळ उभं आयुष्य काढलं. नऊवारी नाही, पण साडी नेसून, चष्मा लावून, दुपारी कूलरच्या झोतात तांदूळ निवडत. गेमच्या दुकानात बाई बसते हे पाहायला सुरुवातीला लोक मुद्दाम चक्कर मारायचे. मी म्हणायचे, पाहा, फुकट आहे.

मुळात ते दुकान आमच्या ह्यांचं, टीव्ही दुरुस्तीचं. त्या धंद्याचं एक दुखणं बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. लोक टीव्ही दुरुस्तीला टाकतात, खर्च ऐकतात, "उद्या येतो" म्हणतात, आणि तो उद्या काही उगवत नाही. रंगीत टीव्ही हप्त्यानं मिळायला लागले तसे काळ्या-पांढऱ्या टीव्हींना कोणी वाली उरला नाही. ते सगळे आमच्याकडे. हे त्यांना भंगारात घालायचे नाहीत. "लोकाईची अमानत हाये," म्हणायचे. अमानत आधी माळ्यावर गेली, मग पलंगाखाली आली, शेवटी स्वयंपाकघरात शिरली आणि माझा पोळ्यांचा डबा एका टीव्हीच्या डोक्यावर जाऊन बसला.

त्या दिवसांत अकोल्याचे हमीदभाई ह्यांच्याकडे रेडिओ-टीव्हीचे सुटे भाग द्यायला यायचे. त्यांचं अकोल्यात छोटं दुकान होतं आणि त्यांनी तिथं नुकतेच गेम लावले होते. आमच्या स्वयंपाकघराकडे पाहून म्हणाले, "भाभी, ये डब्बे पड़े पड़े सड़ रहे. दो कॅसेट लगाव, पोट्टे लाइन लगाएंगे." हे हसले. मी हसले नाही. उन्हाळ्याच्या सुट्या तोंडावर होत्या आणि पोरांना अमरावतीच्या उन्हात बाहेर सोडायला कोणतीच आई तयार नसते, हे मला एका आईच्या अनुभवानं कळत होतं.

कॅसेट म्हणजे गाण्याची नव्हे. गेमची कॅसेट जाड, बोथट, मशीनच्या खाचेत दाबून बसवायची. चालली नाही की काढायची, तिच्या फटीत जोरात फुंकर मारायची आणि पुन्हा बसवायची. ह्यांचं म्हणणं, फुंकरीनं काही होत नाही, उलट थुंकी उडून आत गंज चढतो, काम होतं ते नुसतं काढून घालण्यानं. पोरांनी कधी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही ऐकलं नाही. पुढं सीडीच्या चकत्या आल्या. त्यांवर चरे पडायचे, मग दात घासायची पेस्ट बोटावर घेऊन मधून कडेकडे पुसायचं. एक ट्यूब घरात, एक दुकानात.

पण धंद्याचा खरा कणा होता बदली. एखाद्या पोरानं गेम खेळून संपवला की त्याच्या लेखी तो मेला. त्याचा साथीदार मात्र त्याच गेमसाठी जीव टाकत असतो. जुना गेम आणि वर थोडे पैसे घ्यायचे, दुसरा गेम द्यायचा. गावातले सगळे गेम सगळ्यांचे खेळून झाले की काय करायचं, त्याचा तोडगा हमीदभाईंनी काढला. अमरावतीच्या पोरांनी चावून चोथा केलेले गेम अकोल्याच्या पोरांना कोरे करकरीत, आणि त्यांचे आमच्या पोरांना. एक कापडी थैली आम्ही दोघांनी सुरू केली. रेल्वेनं रोज अपडाऊन करणारे एक कारकून होते, बडनेऱ्याला गाडीत बसताना ते माझी थैली घ्यायचे आणि परतताना हमीदभाईंची आणायचे. थैलीत खाली चकत्या आणि वर ईदला शेवया, दिवाळीला माझे अनारसे. अनारसे अकोल्याला पोचेपर्यंत नेहमी थोडे कमी भरायचे. कारकुनांना त्याबद्दल आम्ही कधी विचारलं नाही.

आता कानाबद्दल. तासाचे पैसे पोरं आधी द्यायची आणि किती वेळ झाला यावरून भांडायची. चिठ्ठ्या दिल्या तर त्या खिशातच धुतल्या जायच्या. जुन्या टीव्हीला चॅनल फिरवायला गोल, खरबरीत कडांचं बटण असायचं. आमच्याकडची पोरं त्याला टीव्हीचा कान म्हणायची, कारण तो पिळल्याशिवाय टीव्ही ऐकत नसे. ह्यांनी मेलेल्या टीव्हींचे कान काढले, सोल्डरिंगच्या तापल्या टोकानं प्रत्येकाच्या पोटात एक आडवी रेघ ओढली, आणि तेच आमचं टोकन झालं. एक कान, एक तास. पैसे देऊन कान घ्यायचा, आणि खेळायला बसताना तो काउंटरवर ठेवायचा. आज घ्या, चार वर्षांनी वापरा, तास तेवढाच. मधे भाव वाढला तरी जुना कान बाद होत नाही, हा ह्यांचा कायदा. दहाला सुरुवात झाली होती, शेवटी तीसवर गेलो.

वरूडकडचे एक गुल्हाने म्हणून संत्र्याचे व्यापारी होते. हंगामात अमरावतीला आले की दोन सौद्यांच्या मधे माझ्याकडे यायचे, पांढराशुभ्र पायजमा सावरत पोरांच्या रांगेत बसायचे आणि फक्त ट्रक चालवायचा गेम खेळायचे. मी एकदा म्हटलं, अहो भाऊ, दिवसभर ट्रकच पाहता ना? ते म्हणाले, "वहिनी, पायतो. चालवू कोन देते मले?" त्यांच्या गाडीत एक कान कायम ठेवलेला असायचा. परीक्षेत नापास झालेलं पोर, लग्न मोडलेला तरुण, डिपार्टमेंटच्या साहेबाकडून बोलणी खाऊन आलेला हवालदार, सगळे तीस रुपयांत तासभर दुसरे कोणीतरी होऊन जायचे आणि मग मुकाट्यानं आपापल्या घरी परतायचे. ते आवाज मला अजून ऐकू येतात. "मार ना बे! मावशी, यानं माह्या बटन दाबलं!" झोपेतसुद्धा मी "गप बसा रे" म्हणते असं माझी सून सांगते.

मग सगळं हळूहळू ओसरलं. एका दिवसात काही बंद पडलं नाही. पोरं मोठी होऊन पुण्या-बंगलोरला गेली आणि त्यांच्या जागी जी आली, त्यांच्या खिशात फोन होता, म्हणजे आख्खं दुकानच होतं. नवे गेम तारेतून यायला लागले. चकती नाही, म्हणजे बदली नाही. हवेची बदली कशी करणार? हमीदभाईंनी एका टीव्हीच्या जागी फोनची कव्हरं टांगली, मग दुसऱ्याच्या, आणि एक दिवस थैली यायची थांबली. त्यातच हे गेले. ह्यांच्यानंतर मी कान द्यायचं बंद केलं, रोख घेऊन डब्यात टाकायला लागले. बाहेर गेलेला कान परत येईलच असं नाही, आणि ह्यांच्या हातची रेघ मला आता कोणाला द्यायची नव्हती.

टाळेबंदी उठली तेव्हा दुकानाचं शटर तीन माणसांनी मिळून वर ढकललं. आत उंदरांनी वायरी खाल्लेल्या. घरमालक भला माणूस, पण त्यांच्याकडे फोनवाला ठाण मांडून बसला होता, दुप्पट भाडं आणि तगडी अनामत द्यायला तयार. मला म्हणाले, "वहिनी, दिवाळीपर्यंत थांबतो. तुमी तेवढं भाडं देत असान तर मले दुसरा नोको." मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं ते देवाला ठाऊक.

अशात एका सकाळी मंगेश आला. मंगेश बडनेऱ्याचा, शाळेत असल्यापासून माझ्याकडे येणारा, आता विम्याच्या ऑफिसात नोकरीला. हातात आमच्या अमरावतीच्या गिल्या वड्याचा पुडा आणि चेहऱ्यावर लॉटरी लागल्याचा आनंद.

"मावशी, तुमच्या धंद्याले सोन्याचे दिवस आले!"

मग त्यानं मला ते सगळं समजावलं. अमेरिकेत म्हणे गेमची दुकानं चालवणारी एक मोठी कंपनी होती. आपल्यासारखीच, चकत्यांची आणि बदलीची. तीही आपल्यासारखीच डबघाईला आलेली. मोठमोठे सावकार ती बुडणार यावर पैसे लावून बसले होते. तर साध्यासुध्या पोरांनी घरात बसून, फोनवर एकमेकांना हाक देऊन, तिचे शेअर घ्यायला सुरुवात केली. भाव आभाळाला टेकला. सावकारांची दाणादाण उडाली.

ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, बघा, सातासमुद्रापार कोणाला तरी गेमच्या दुकानाची इतकी माया आहे. मी विचारलं, "मग आता त्या दुकानात पोरं येऊन राहिली असतीन?"

"कोनत्या दुकानात?"

"अरे, ज्याच्यासाठी एवढं केलं, त्या दुकानात. खेळायले."

मंगेशनं वडा तोंडाशी नेला होता तो तसाच थांबला. "ते काई मालूम नाई मावशी," तो म्हणाला. "भाव वाढला ना पन."

टाळेबंदीत आमची सगळी पोरं शेअरात शिरली होती. दुकानाचा फोनवर एक ग्रुप होता, गेमच्या बदलीसाठी काढलेला. तिथं आता हिरव्या-तांबड्या रेघांची चित्रं पडत. मंगेशनं गमतीत त्याच्याकडचा एक कान फोटो काढून तिथं टाकला: हा आपल्या मावशीच्या दुकानाचा शेअर, बोला. पुण्यातल्या एका जुन्या पोरानं शंभर रुपये लावले. बंगलोरच्यानं दोनशे. त्यांना तो कान हवाच होता, त्यात त्यांचं लहानपण होतं, ते मी समजू शकते. पण पुढं ज्यांनी माझ्या दुकानाची पायरी कधी चढली नव्हती ते बोली लावायला लागले. एक कान म्हणजे दुकानाचा एक हिस्सा, असं कोणीतरी लिहिलं. मला कोणी विचारलं नाही. दुकान वाचणार, मावशी मोठ्ठं करणार, अकोल्याला शाखा काढणार, असंही कोणीतरी लिहिलं. अकोल्याच्या हमीदभाईंनाही कोणी विचारलं नाही.

मला वाईट वाटलं म्हणू का? सुरुवातीला नाही वाटलं. दुकानासमोर पुन्हा गाड्या लागायला लागल्या. चहावाल्याचा पोऱ्या पुन्हा किटली घेऊन माझ्या बोळात वळायला लागला. पोट्टे पायरीवर बसून राहायचे, कान तळहातावर घेऊन त्याच्या पोटातली रेघ खरी की खोटी ते पाहायचे. मी आतून हाक मारायचे, "अरे, या ना आत, टीव्ही चालू हाये." तर म्हणायचे, "थांबा मावशी, भाव चालू हाये."

आत टीव्ही एकटेच चालू असायचे. गेम सुरू होण्याआधी पडद्यावर नुसती गाडी फिरत राहते, खेळाडूची वाट पाहत, तशा सगळ्या पडद्यांवर गाड्या फिरत राहायच्या. कानाचा भाव पाचशे झाला, आठशे झाला. आठशेचा कान देऊन तीस रुपयांचा तास कोण खेळणार? ज्याच्याजवळ कान नव्हता त्याला रोख देऊन खेळण्यात राम वाटत नव्हता, आणि ज्याच्याजवळ होता त्याला तो मोडवत नव्हता.

गुल्हाने एकदा आले, हंगामातच. दारात पोरांनी त्यांना गाठलं. दहा मिनिटांनी आत आले ते हसत, हातात नोटा. "वहिनी, मले न खेळाचे पैसे भेटले!" त्यांच्याजवळचा कान पोरांनी विकत घेतला होता. मी म्हटलं, मग रोख देऊन खेळा की. ते म्हणाले, "आता कायचं खेळतो, नोटा मोजतानाच येळ गेला." आणि निघून गेले.

भाव वाढायचं खरं कारण मात्र मला फार दिवसांनी कळलं. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं होतं, नवे कान आता येणार नाहीत, काका वारले, जेवढे आहेत तेवढेच. वाचून मी फोन उलटा ठेवला. ह्यांच्या मरणाचा भाव लागला होता.

आणि ते खरंही नव्हतं. माझ्या घरी, स्वयंपाकघरात, लोणच्याच्या मोठ्या बरणीत कान होते. गळ्यापर्यंत भरलेली बरणी. हे आजारी पडण्याआधी एका उन्हाळ्यात बसून त्यांनी उरलेल्या सगळ्या कानांवर रेघा ओढून ठेवल्या होत्या. मी म्हटलं होतं, एवढे कायले? "मंग हात थरथरतीन. दुकान चालते तवर लागतीनच ना." त्यांच्या लेखी दुकान बरणीएवढं तरी चालणार होतं.

मी हमीदभाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "भाभी, किसी को बोलना नहीं. एक-एक करके बेचो. दुकान बच जाएगी. भाईसाब आपके लिए छोड़ के गए, समझो." त्यांचं चूक नव्हतं. हिशोब सरळ होता: अर्धी बरणी घरमालकाला, अर्धी नव्या मशीनला. ह्यांनी जणू मेल्यावर पाठवलेला मदतीचा हात. मी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी चार कान पर्समध्ये टाकून दुकानात गेले. म्हटलं, चारानं सुरुवात करू.

दुपारी मंगेश आला. काखेत टॉवेलमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. काउंटरवर सोडलं, तर त्याचं गेमचं मशीन. पहिल्या पगारात त्यानं ते माझ्याकडूनच घेतलं होतं. त्या दिवशी घरी नेताना त्यानं ते मांडीवर धरलं होतं आणि मित्राला गाडी हळू चालवायला सांगितलं होतं. आता म्हणाला, "मावशी, सेकंडमधी घ्या. जे देसान ते द्या."

"कावून रे? बिघडलं?"

"नाई, झकास हाये. पैसे पायजेत."

मला वाटलं घरी कोणी आजारी असेल. मी डब्यातून पैसे काढून दिले, घासाघीस न करता. त्यानं ते घेतले आणि पायरीवर बसलेल्या एका पोराकडे गेला. मी काउंटरमागून पाहत होते. भाव तोवर हजारांत गेला होता; त्या सगळ्या पैशांचे त्यानं दोन कान घेतले. दोन तास. खेळायचं मशीन विकून त्यानं खेळायचे दोन तास विकत घेतले होते, आणि ते तो खेळणार नव्हता.

माझी पर्स मांडीवर होती. मंगेश परत आत आला तेव्हा त्याचा चेहरा आनंदानं फुललेला. "अजून असतीन का हो मावशी, काकाईच्या हातचे? एखादा जरी असन तर माह्यासाठी ठेवजा. दुसऱ्याले देऊ नोका."

मी म्हटलं, "पाहू." त्यानंतर दिवसभर माझं कशात लक्ष लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरणी रिक्षात घालून दुकानात आणली. रिक्षावाला म्हणाला, लोणचं काय मावशी, तेल सांडन. काउंटरवर मधोमध बरणी ठेवली आणि पुठ्ठ्यावर स्केचपेननं लिहिलं: एक कान तीस रुपये. कितीही घ्या. आजच खेळा.

पायरीवरची पोरं आत आली. बरणीकडे पाहिलं. एकानं हात घालून कान काढला, उलटा केला, रेघ पाहिली. दुसऱ्यानं दुसरा. मग सगळे फोन काढून बाहेर गेले आणि संध्याकाळपर्यंत कानाचा भाव तीस रुपये झाला, म्हणजे जो आधीपासून होता तोच. ग्रुपवर मला जे लिहिलं गेलं ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. कोणी म्हणालं म्हातारीनं खोटे कान बनवले. कोणी म्हणालं हिला धंदा कळत नाही. दुसरं खरं असू शकतं.

मंगेश सगळ्यांत शेवटी आला. बरणीला हात न लावता उभा राहिला.

"तुमी हे कावून केलं मावशी? तुमचंच दुकान वाचलं असतं."

मी म्हटलं, "कशानं वाचलं असतं रे? तुमी तर सारे बाहेर बसले. आत कोन खेळत होतं?"

"आधी वाचलं असतं, मंग खेळलो असतो ना आमी!" तो ओरडला. मंगेशनं माझ्यासमोर आवाज चढवला तो तेवढाच. मग "जाऊ द्या" म्हणून निघून गेला. त्या दिवशी खेळायला कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दिवाळी आली, मी घरमालकांना किल्ली दिली. तिथं आता फोनची कव्हरं आहेत, भिंतभर, रंगीबेरंगी. हमीदभाईंना फोन करून कळवलं. ते म्हणाले, "भाभी, अनारसे तो भेजना."

मी बरोबर केलं की चूक, मला आजही कळत नाही. मंगेशचं वाक्य मनात येतं. आधी वाचलं असतं तर मग खरंच खेळले असते का? एखाद्या रविवारी, चार-दोन पोरं तरी? मला ते दुकान हवं होतं हो. ती किटकिट, तो घामाचा आणि तापलेल्या वायरीचा वास, कूलरमधल्या ओल्या गवताचा वास, "मावशी, पाच मिनिट अजून." आता घरात इतकं शांत असतं की फ्रिज सुरू झालेला कळतो. दुपारी चारला, शाळा सुटायच्या वेळी, मी अजून उठून बसते.

यंदाच्या उन्हाळ्यात अशाच एका दुपारी दार वाजलं. मंगेश होता. थोडा सुटलेला, केस विरळ झालेले. दोन वर्षांत आम्ही बोललो नव्हतो. "इकडून चाललो होतो," म्हणाला. रुमालानं मान पुसत आत आला आणि बैठकीत थबकला. कोपऱ्यात टीव्ही होता आणि टीव्हीखाली त्याचं मशीन, त्याच्याच टॉवेलवर.

"विकलं नाई तुमी?"

"गिऱ्हाईक नाही आलं," मी म्हटलं. खरं म्हणजे दोघं आले होते.

त्याला सरबत दिलं. ते पितानाही त्याची नजर मशीनवरच होती. मी म्हटलं, घेऊन जा, तुझंच आहे. तर मान हलवली. "घरी नेऊन काय करू मावशी. एकट्यानं खेळा लागते." मग मी म्हटलं, इथंच खेळ. कान असेल ना एखादा? एक कान दे आणि तासभर बस, कायदा अजून तोच आहे.

त्यानं पँटच्या खिशात हात घातला. मला वाटलं नव्हतं, पण खरंच होते त्याच्याजवळ, खिशातच. मूठभर. त्यातला एक निवडला, अंगठ्यानं ह्यांच्या रेघेवरून हात फिरवला. काउंटरवर ठेवायचा तसा टीपॉयवर ठेवलाही. पुन्हा उचलला.

"नोको मावशी," तो म्हणाला. "खेळलो का संपला ना हा. मंग काय राहते आपल्याजवळ?"

भाव नाही, दुकान नाही, आणि तो अजून धरून बसला होता. मला त्याच्यावर रागावता आलं नाही. माझी बरणी तरी मी कुठं फेकली होती? स्वयंपाकघरात तशीच आहे, पुठ्ठ्यासकट.

मी उठून टीव्ही लावला. म्हटलं, ठीक आहे, तू खेळू नको, पाहत बस. पाहायचे पैसे मी कधीच कोणाकडून घेतले नाहीत. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतः खेळायला बसले. इतकी वर्षं दुकान चालवलं, पण मला खेळता येत नाही, हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. गाडी सुरू झाली आणि सरळ भिंतीवर गेली. पुन्हा सुरू केली, पुन्हा भिंतीवर. मंगेश पुढं सरकून बसला.

"डावीकडे, मावशी! डावीकडे! अवो, बिरेक दाबा ना!"

मी ब्रेक कुठला ते शोधत होते. तो ओरडत होता, आणि संध्याकाळ होईपर्यंत आमच्यातलं कोणी घड्याळाकडे पाहिलं नाही.